गोधड्यांचं अंदाजपत्रक

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, म्हणजे उसाचं. दिवाळी सरली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि ओढ्यापलीकडच्या पडीक रानात आठ-दहा दिवसांत कोप्यांची, म्हणजे त्यांच्या झोपड्यांची, वस्ती उभी राहते. धारूर, पाटोदा, शिरूर कासार, तिकडची माणसं. लहानपणी शाळेला जाताना त्या वस्तीतली आमच्याच वयाची पोरं दिसायची. आम्ही बघायचो आणि पुढं जायचो. २०२१ च्या हंगामात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, आम्ही नऊ जणांनी तिथं संध्याकाळचा वर्ग सुरू केला. कोरोनात शाळा बंद राहिलेल्या. चौथीत नाव असलेल्या पोराला स्वतःच्या गावाचं नाव वाचता येत नव्हतं. ते एकदा डोळ्यांनी बघितल्यावर घरी स्वस्थ बसवेना.

पहिले पैसे आमचेच. माणशी दोनशे रुपये, एकूण अठराशे. त्यातून पाट्या, पेन्सिली, अंकलिप्या आणि चार्जिंगचे दोन दिवे आले. जानेवारीत एक दिवा बिघडला, पाट्या फुटल्या, आणि प्रत्येकानं पुन्हा खिशात हात घातला. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, कोप्या मोडल्या, टोळ्या परतल्या. तोवर आमचे ११,४०० रुपये खर्च झाले होते. नऊ जणांतल्या पाच जणांच्या घरी तो पैसा जड होता. पुढच्या हंगामाला असं चालणार नाही हे आम्ही त्याच दिवशी ओळखलं, आणि अनुदान शोधायला लागलो.

हे सगळं बैजवार लिहिते आहे, कारण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमचा एक अख्खा उन्हाळा वाचला असता.

एप्रिल आणि मे आम्ही मोबाइलवर घालवले. तरुणांच्या समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या संस्थांच्या याद्या भरपूर मिळतात, त्यातल्या बहुतेक परदेशी. डायना अवॉर्ड सापडलं. ते ९ ते २५ वयाच्या मुलांसाठी असतं, आपलं नाव आपण पाठवायचं नसतं, आपलं काम बघितलेल्या मोठ्या माणसानं पाठवायचं असतं, आणि त्यात रोख रक्कम नसते. राष्ट्रकुलाचे युवा पुरस्कार सापडले, १५ ते २९ वयाच्यांसाठी. त्यात रक्कम असते, पण ती ज्यांचं काम आधीच उभं आहे त्यांना. तेव्हा कुठं एक साधी गोष्ट डोक्यात शिरली. पुरस्कार झालेल्या कामाचा असतो, अनुदान व्हायच्या कामाचं असतं. आम्हाला नोव्हेंबरात दिवे हवे होते, आणि आम्ही पुरस्कारांचे अर्ज भरत बसलो होतो.

मग एका परदेशी प्रतिष्ठानाचा छोट्या अनुदानाचा अर्ज मिळाला. आम्ही तो बारा रात्री बसून भरला. पाठवायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीच्या मामांना दाखवला. ते सीए आहेत. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "पैसे परदेशातून येणार ना? मग एफसीआरए लागेल." परकीय देणगीचा कायदा २०१० चा. त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला असं अनुदान घेता येत नाही, रक्कम लहान असो की मोठी. नोंदणी मागायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च झालेले हवेत. आमच्याकडं तर संस्थाच नव्हती. बारा रात्रींचं काम कपाटात गेलं. मामांनी त्याच बैठकीत एक उपयोगाची गोष्ट सांगितली. परदेशात राहणारा नातेवाईक भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात. आमच्या गावचे दोघं दुबईला आहेत, एक अमेरिकेत. दुबईवाल्यांकडं मागायला हरकत नाही हे तेव्हा कळलं.

त्यानंतर कंपन्या. सीएसआर हा शब्द गावात सगळ्यांना माहीत असतो. 'कंपन्यांना द्यावेच लागतात' असं म्हणतात, आणि ते अर्धं खरं आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण ते देताना कंपनीही नियमानं बांधलेली असते. बाहेरच्या संस्थेला द्यायचे तर संस्था नोंदणीकृत हवी, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. आम्ही एका कंपनीच्या दारात तीन वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी हे सांगितलं. पहिल्या खेपेलाच सांगितलं असतं तर दोन वेळचं एसटीभाडं वाचलं असतं. अजून त्याचं वाईट वाटतं, कारण ते भाडं आमच्यातल्या एकीनं शिलाईकामाच्या पैशांतून दिलं होतं.

मग संस्था काढायची का? यावर आमच्यात चार दिवस वाद झाला. सात जण मिळून नोंदणी करता येते. आपल्याकडं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते आणि संबंध धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी येतो. नोंदणी होऊन जाते. खरं काम तिच्यानंतर सुरू होतं. दरवर्षी हिशेबतपासणी, दरवर्षी विवरण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. आमच्या नऊ जणांतल्या तिघींची लग्नं ठरायच्या बेतात होती, दोघं भरतीची तयारी करत होते. तीन वर्षांनी सह्या करायला गावात कोण असणार? मला अजूनही वाटतं की पोरांच्या गटानं पहिल्या वर्षात संस्था काढायची घाई करू नये. काम टिकतं का ते आधी बघावं.

वाट सापडली ती गावातल्या सार्वजनिक वाचनालयात. वाचनालय आमच्या जन्माच्या आधीचं, नोंदणीकृत, बँकेत खातं, दरवर्षी ऑडिट. ग्रंथपाल काकांकडं गेलो आणि विचारलं, तुमच्या नावावर अनुदान घेता येईल का? ते लगेच हो म्हणाले नाहीत. "तुमचा मागच्या हंगामाचा हिशेब आणा," म्हणाले. आम्ही पिशवीभर पावत्या नेऊन टेबलावर ओतल्या. काकांनी त्या तारखेप्रमाणे लावल्या, कागदावर चिकटवल्या, प्रत्येकीखाली काय घेतलं आणि कुणी घेतलं ते आमच्याकडून लिहून घेतलं. ११,४०० पैकी ८,९५० च्याच पावत्या निघाल्या. बाकीच्यासाठी त्यांनी आम्हाला साध्या कागदावर खर्चाची नोंद लिहून खाली सगळ्यांच्या सह्या करायला लावल्या. मग वाचनालयाच्या कार्यकारिणीनं ठराव केला: वर्गाचे पैसे वाचनालयाच्या खात्यात येतील, त्यांची खतावणी वेगळी राहील, खर्चावर आमच्यातल्या एकीची आणि काकांची सही लागेल. एका पानाचा ठराव. आमच्या सगळ्या अर्जांत सगळ्यात जास्त कामाला आलेला कागद तोच.

ऑगस्टमध्ये काकांच्याच ओळखीतून सांगलीच्या एका कौटुंबिक ट्रस्टचा पत्ता मिळाला. त्यांची जाहिरात नसते, कुठल्या यादीत नाव नसतं. जिल्ह्यातल्या शिक्षणाच्या कामांना ते दरवर्षी थोडे थोडे पैसे देतात. दोन पानांत लिहून द्या म्हणाले.

मी लिहिलेला पहिला मसुदा 'सर्वांगीण विकास' या शब्दांनी सुरू होत होता. खाली 'मुख्य प्रवाह', 'सक्षमीकरण', 'उज्ज्वल भविष्य'. आमच्या हायस्कूलच्या निवृत्त सरांनी तो वाचून परत दिला आणि एवढंच म्हणाले, "यातलं एक तरी पोर मला दाखव." मी हजेरीवही उघडली.

ती वही म्हणजे दूध संस्थेचं जुनं रजिस्टर. मैत्रिणीचे वडील संस्थेचे सचिव, त्यांच्याकडं शिल्लक पडलेलं. छापील रकाने: नाव, लिटर, फॅट, दर, रक्कम, शेरा. पहिल्याच दिवशी तिनं 'लिटर' खोडून 'दिवस' केलं आणि 'फॅट' खोडून 'वाचन'. वाचनाच्या रकान्यात चार पायऱ्या, मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत वापरतात त्याच: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'दर'च्या जागी मूळ गावच्या शाळेचं नाव. शेऱ्यात त्या दिवशी जे घडलं ते. पानांच्या कडांना दिव्याची काजळी, मध्ये कुठं पाचटाचं कुसळ चिकटलेलं. आम्ही ती वही शिस्त म्हणून भरत होतो. तिचा पुरावा होतो हे डोक्यातच नव्हतं.

सरांबरोबर बसून मोजायला लागलो. नावं ४३. निम्म्याहून जास्त दिवस आलेली पोरं फक्त १७. आम्हाला धक्का बसला, कारण वर्ग रोज भरलेला दिसायचा. मग शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. 'भाऊ रडला, गेली.' 'बारकीला घेऊन आली, बसली नाही.' 'भाकरी थापायची होती.' एका नऊ वर्षांच्या मुलीच्या नावापुढं 'भाऊ रडला, गेली' हे चौदा वेळा लिहिलेलं होतं. प्रत्येक वेळी आमच्यातल्याच कुणीतरी लिहिलं होतं आणि पुढं पाहिलं नव्हतं. आईबाप पहाटे तीनला फडात जातात, अंधार पडल्यावर येतात. वस्तीतलं तान्हं पोर सांभाळायचं काम आठ-नऊ वर्षांच्या बहिणीचं. ती वर्गात यायची तर पोराला घेऊनच, आणि पोर गार जमिनीवर झोपत नव्हतं.

म्हणून अंदाजपत्रकात लिहिलं: सौर कंदील ६, पाट्या ५०, वाचनाची पुस्तकं, वही-पेन्सिल, ताडपत्री १, गोधड्या ६, तान्ह्यांना झोपवायच्या झोळ्या २. प्रत्येकापुढं दर आणि रक्कम. 'इतर खर्च' असा शब्द सरांनी लिहू दिला नाही. एकूण ५८,६००. त्यातला आमचा वाटा १०,००० दाखवला. तो शब्द महत्त्वाचा ठरला असं पुढं ट्रस्टच्या लोकांनीच सांगितलं. स्वतःचं काही न घालता मागणाऱ्यांना ते सहसा देत नाहीत.

काम बघितल्याशिवाय ट्रस्ट पैसे देत नाही. नोव्हेंबरात कोप्या पडल्यावर त्यांच्याकडच्या एक बाई संध्याकाळी वस्तीवर आल्या. पोरांच्यात बसल्या, काहीच बोलल्या नाहीत. नंतर अर्जाचा कागद काढला आणि पेन एका ओळीवर टेकवलं.

"वर्गाला गोधड्या कशाला?"

मी दुधाचं रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेऱ्याचा रकाना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. वीसेक मिनिटं वाचत होत्या. कंदील आम्ही आळीपाळीनं धरला होता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "विकत घेऊ नका. बाजारातली पातळ निघते. गावातल्या बचत गटाकडून शिवून घ्या, मजुरी लावा, त्याची पावती घ्या." त्यांनी स्वतःच्या हातानं ती ओळ बदलली.

पैसे दोन हप्त्यांत आले. पहिला डिसेंबरात, दुसरा पहिल्याचा हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, दिल्यावर. एक सांगते, अंदाजपत्रकात एका बाबीवरचे पैसे दुसऱ्या बाबीवर खर्चायचे असतील तर आधी विचारा. कंदील स्वस्तात मिळाले, ९०० रुपये उरले, आम्ही परस्पर खडू-फळा घेतला. त्यावर खुलासा लिहून द्यावा लागला. चूक आमची होती. पुढच्या वेळी आधी फोन केला, आणि दोन मिनिटांत परवानगी मिळाली. त्या हंगामात नावं ५१, निम्म्याहून जास्त दिवस आलेली ३४.

ग्रामपंचायतीचा पैसा आम्हाला सगळ्यात शेवटी सुचला, आणि तो सगळ्यात जवळ होता. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत आम्ही अर्ज ठेवला. मागून एक आवाज आला, "भाईरच्या पोरांवर गावचा पैसा कशाला?" सभेत शांतता. मग माळावरचे एक आजोबा उठले. त्यांचं शेत एकरभराचं. "माझा ऊस कुणी तोडला?" एवढं विचारलं आणि बसले. ठराव झाला. पंधरा हजारांचं साहित्य मंजूर झालं. ते पैसे आमच्या हातात येत नाहीत, बिल थेट दुकानदाराला जातं. तेच बरं. तुमच्या गावात असं काही मागायचं असेल तर तोंडी बोलणं करून येऊ नका. अर्जाची पोच घ्या, विषयपत्रिकेत विषय यायला हवा, आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. पुढच्या प्रत्येक अर्जाला ती नक्कल जोडता येते.

तीन हंगाम झाल्यावर पुरस्कारांकडं पुन्हा वळलो, या वेळी समजून. राष्ट्रीय युवा पुरस्कार केंद्राच्या युवा मंत्रालयाचा असतो, १५ ते २९ वयाच्या व्यक्तींना आणि संस्थांना. आम्हाला त्याआधी जिल्हा युवा पुरस्कार नीट पेलणारा वाटला. राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणातून तो आला. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. आम्ही पाहिलेल्या पत्रकाप्रमाणे एक युवक, एक युवती यांना प्रत्येकी दहा हजार, आणि एका संस्थेला पन्नास हजार. जिल्ह्यात सलग पाच वर्षं राहिलेलं हवं, मागच्या तीन वर्षांचं काम बघतात, वय पुरस्कार वर्षाच्या १ एप्रिल आणि ३१ मार्च या तारखांना धरून मोजतात. संस्था नोंदणी होऊन पाच वर्षं काम करत असलेली हवी, म्हणजे तो रस्ता आम्हाला बंदच. सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांना अर्ज करता येत नाही. आणि पुरस्कार विभागून देत नाहीत.

या शेवटच्या अटीनं आम्ही अडलो. काम नऊ जणांचं, नाव एकाचं. त्यातले आता सहाच गावात होते. भरतीला गेलेला मित्र फोनवर म्हणाला, "कुणाचंबी टाका, पैसे वर्गालाच जाणार." पण ते तितकं सोपं नव्हतं. सन्मानचिन्ह कुणाच्या घरात जाणार, पेपरात फोटो कुणाचा येणार, याचा विचार माणूस करतोच, आणि त्यात गैर काही नाही. आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून ठरवलं की वही जिनं सुरू केली तिचं नाव द्यायचं. ती नको म्हणाली. लग्न होऊन शेजारच्या जिल्ह्यात जाणार होती. मग सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी एक अट घातली: अर्जात जिथं 'मी' लिहायचं तिथं माझं काम, आणि सोबतच्या टिपणात नऊ नावं, कुणी काय केलं त्यासह.

फाइल तयार करायला सोळा दिवस लागले. वर्तमानपत्रांतली कात्रणं आमच्याकडं दोनच. फोटोंच्या मागं तारीख आणि जागा लिहिली. शाळांची पत्रं मात्र चांगली होती. 'दर'च्या रकान्यातल्या शाळांना आम्ही दर मार्चमध्ये फोन करायचो, पोर कुठल्या पायरीवर आहे ते सांगायचो. धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहून दिलं की आमच्या वस्तीवरून परतलेली सहा मुलं थेट वर्गात बसू शकली. ते पत्र मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.

पहिल्या वर्षी पुरस्कार मिळाला नाही. ज्यांना मिळाला त्यांचं काम मी जाऊन बघितलं, आमच्याहून जुनं आणि मोठं आहे. यंदा पुन्हा अर्ज भरते आहे. फाइलला जोडायच्या कागदांत एक हमीपत्र असतं: पुरस्कार मिळाल्यानंतर किमान दोन वर्षं हे काम चालू ठेवीन. मागच्या वर्षी मी ते न वाचताच सही करून लावलं होतं. यंदा वाचलं. मी चोवीस वर्षांची आहे, घरात स्थळं बघायला लागलेत, मागच्याच आठवड्यात कराडची मंडळी येऊन गेली. हातात पेन घेऊन मी बराच वेळ बसले.

आई भाकरी थापत होती. काय वाचतीस म्हणून विचारलं. मी हमीपत्र वाचून दाखवलं.

"दोन वर्षं म्हंजी दोन हंगाम न्हवं?"

"व्हय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग कर सही. येणाऱ्यास्नी मी सांगते, हंगाम झाल्याबिगर पोरगी द्यायची न्हाई."